घरातली सावड

विळ्याला धार लावायचा आवाज आला की आत्या कॉटवरून विचारतात, "कुनाची पात?" आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या भाजे गावात सासूला आत्याच म्हणतात. उजवी बाजू गेल्यापासून त्यांचं बोलणं जड झालंय, अर्धे शब्द जिभेखालीच राहतात, पण हे दोन शब्द अजून स्वच्छ येतात. पात म्हणजे कापणीच्या वेळी एकेका बाईच्या वाट्याला येणारी भाताची उभी पट्टी. काल सकाळी मी परसात दगडावर विळा घासत होते आणि आतून प्रश्न आला. मी तिथूनच सांगितलं, शेजारच्या पारूमावशीच्या रानातली. मग त्यांनी पुढं काही विचारलं नाही. कापणी सुरू झाली एवढं कळलं की त्यांचं समाधान होतं.

दिवाळीनंतरचा हा मावळ बघायला कुणी येत नाही. पावसात लोणावळ्यापासून इथवर गाड्यांची रांग लागते, धबधब्याखाली भिजून, भाजलेली कणसं खाऊन मंडळी परत जातात, आणि मावळ म्हणजे हिरवं एवढंच त्यांच्या डोळ्यांत राहतं. मावळ पिवळाही असतो हो. सकाळी इंद्रायणीवरून धुकं उठतं, त्यात आधी रेल्वेचे रूळ जातात, मग शाळा, मग आमचं परस. ऊन वर आलं की सगळ्यात आधी लोहगडाचा माथा दिसतो, मग विसापूर, आणि मग खाली दवानं जड होऊन एका अंगाला कललेलं भात. त्यात पाय घातला की पोटऱ्यांपर्यंत भिजायला होतं. आणि वास. इंद्रायणी तांदळाचा वास शिजताना येतो हे पुण्याच्या लोकांना माहीत असतं. तो उभ्या रानातही येतो, कापताना हाताला लागतो, आणि अंघोळ केली तरी संध्याकाळी भाकरी थापताना परत जाणवतो.

हा वास आला की मला तीन वर्षांमागची कापणी आठवते. आठवण काही गोड नाही, पण मी ती टाळत नाही. त्या वर्षी मी संपत आले होते. हे असं सरळ म्हणायला मला फार दिवस लागले. बाई दमले म्हणाली की लोक म्हणतात, जरा पड की घटकाभर. घटकाभर पडून जाणारं ते दमणं नव्हतं.

घरं दोन होती आणि मी एकटी. इथं आत्या. उन्हाळ्यात त्यांना झटका आला आणि ज्या बाईनं आयुष्यभर डोक्यावरून भारे वाहिले तिला कूस बदलायलाही माणूस लागायला लागला. तिकडं देहूरोडला माझे वडील, दादा. लष्कराच्या डेपोत नोकरी करून निवृत्त झालेले. आई गेल्यावर एकटेच राहत होते आणि हळूहळू विसरायला लागले होते. आधी चष्मा, मग औषध, मग शेजाऱ्यांची नावं. एकदा मी गेले तर गॅसवर रिकामं पातेलं तापून लाल झालेलं आणि दादा शेजारी उभे राहून दूध वर यायची वाट बघतायत. मी त्यांची एकुलती एक. नवरा, सुनील, तळेगावच्या कारखान्यात शिफ्टला. श्रुती तेव्हा नववीत. म्हणजे मग उरलं कोण, ते तुम्हीच बघा.

सकाळी आत्यांना पुसून काढायचं, कपडे बदलायचे, पाठीला पावडर लावायची, पेज भरवायची. त्या एका बाजूनं गिळत, त्यामुळे घाई केली की ठसका. मग श्रुतीचा डबा, सुनीलचा डबा, दादांचा डबा. शेजारच्या पोरीला आत्यांजवळ बसवून मळवली स्टेशनावर पळायचं, लोकलनं देहूरोड, दादांची अंघोळ, त्यांचं जेवण, औषध, आणि परत. तोवर आत्यांचं अंथरूण ओलं झालेलं असे. दादांकडे असताना आत्यांची काळजी आणि आत्यांकडे असताना दादांची. मन कधी अंगाबरोबर नसेच. भाजीत मीठ दोनदा पडायचं, नाहीतर पडायचंच नाही. चमचा हातातून पडला तर मी चमच्यावर चिडायचे. एकदा श्रुतीनं विचारलं, आई, तू माझ्याशी बोलताना कुठं बघतेस? मी कणीक मळत राहिले.

दवाखान्यात डॉक्टर विचारत, पेशंट कोण? मी आत्यांकडे बोट दाखवायचे. देहूरोडला विचारत, पेशंट कोण? मी दादांकडे बोट दाखवायचे. माझी पाठ रोज दुखायची, झोप उडाली होती, केस मुठीनं हातात यायचे, पण तिसरं बोट दाखवायचं कुणाकडे?

आणि वरून कौतुक. नात्यातलं कुणी आलं की चहा पिता पिता म्हणायचं, रजनी लय गुणाची बया, दोन घरं सांभाळती. मला त्या शब्दाचा इतका संताप यायचा की कप हिसकावून घ्यावासा वाटे. गुणाची म्हटलं की पुढं काही करायला नको, ना? बशी खाली ठेवायची, आत्यांच्या पायाला हात लावायचा आणि निघायचं. माझा स्वभाव मुळात तिखटच. पण त्या दिवसांत तिखटपणाही करायचं त्राण नव्हतं, मी नुसती हसायचे.

तर त्या कापणीच्या दिवसांतली एक सकाळ. दादांचा डबा मांडीवर घेऊन मी मळवलीच्या बाकावर बसले होते. लोकल आली. माणसं चढली, उतरली. मी उठले नाही. काही ठरवलं नव्हतं, पाय उचललेच नाहीत. गाडी गेली. पुढची आली, तीही गेली. डब्यातली आमटी गार होत होती हे मला कळत होतं, पण ते दुसऱ्या कुणाचं काहीतरी असल्यासारखं. मनात आलं ते सांगते. समोरच्या फलाटावरून लोणावळ्याकडची गाडी पकडावी, घाट उतरून जावं आणि कुणालाच सांगू नये. आत्या ओल्यात पडून राहतील, दादा दार उघडं टाकून बाहेर जातील, हे सगळं डोळ्यांपुढं दिसत होतं आणि त्यानं आतलं काही हलत नव्हतं. तेव्हा मात्र मी घाबरले. मी गेले असते तर कुणी मला परत आणलं नसतं, आणि मी गेलेच नाही तरी माझ्यातलं माणूस तिथं शिल्लक राहणार नव्हतं.

रुळांपलीकडे रान दिसत होतं. धुकं विरलं तसं आधी डोकी दिसली, मग वाकलेल्या पाठी. बायका ओळीनं पात धरून पुढं सरकत होत्या. लताचा नारिंगी स्कार्फ मी इतक्या लांबूनही ओळखला. लता माझ्याच वयाची, लोहगडवाडीला गड चढणाऱ्यांसाठी तिचं पिठलं-भाकरीचं दुकान आहे. शनिवार-रविवार तिला श्वास घ्यायला फुरसत नसते, बाकीचे दिवस ती रानात. आणि ते रान पारूमावशीचं. पारूमावशीची कापणी लागली होती, सगळ्या जणी गेल्या होत्या, आणि मला कुणी बोलावलं नव्हतं.

हे कुणाला क्षुल्लक वाटेल, म्हणून सांगते. आमच्याकडे कापणी सावडीनं होते. आज सगळ्या मिळून तुझ्या रानात, उद्या माझ्या, परवा तिच्या. कुणी कुणाला मजुरी देत नाही. मी तुझ्याकडे दिवसभर राबले की तू माझ्याकडे राबायचंस, त्याला सावड फेडणं म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हा देहूरोडच्या खोलीत वाढलेल्या मला विळा धरता येत नव्हता. आत्यांनी मागं उभं राहून शिकवलं, मूठ खाली धर गं, करंगळी आत घे. तेव्हापासून एकही कापणी माझ्याविना झाली नव्हती. बांधावरून हाक आली की विळा घ्यायचा आणि निघायचं.

त्याच संध्याकाळी मी पारूमावशीच्या दारात गेले. मावशीचं घर आमच्या पलीकडे, मधे फक्त कुंपण. ती शेणानं खळं सारवत होती. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? ती हात थांबवून माझ्याकडे बघत राहिली. तिला खरंच कळेना मी कशासाठी चिडले ते. म्हणाली, तुझ्यामागं केवढा व्याप, त्यात तुमचं रान तर यंदा वाट्यानं दिलेलं. तुला कशाला आणखी तरास? आमीच सगळ्या जणींनी ठरवलं, रजनीला सोडायचं.

सोडायचं. किती मायेनं म्हणाली ती. आणि मला उभ्या उभ्या कळलं की त्यांनी मला सोडलं ते खरंच सोडलं. मी कुणाच्या रानात गेले नाही म्हणजे माझी सावड कुणावर नाही. सावड नाही म्हणजे माझ्या दारात कुणी यायचं कारण नाही. आत्या पडल्यापासून बायका हळूहळू यायच्या का थांबल्या होत्या ते मला तेव्हा उमगलं. मी समजत होते, त्यांना घाण वाटते. घाण-बिण काही नाही. त्यांना वाटत होतं, आपण गेलो तर ही बिचारी चहा टाकायला उठेल, हिला आणखी एक काम. दयेपोटी सगळ्या जणी आपापल्या घरात बसल्या होत्या आणि मी माझ्या.

घरी आले आणि पत्र्याखाली खोचलेला विळा काढला. गंजला होता.

सुनीलची सुट्टी आली त्या दिवशी मी त्याला आत्यांचं सगळं दाखवलं, कुशीला उशी कशी लावायची, पेज किती पातळ करायची, ठसका लागला तर काय करायचं. तो म्हणाला, एवढं रोज असतं? मी म्हणाले, रोज असतं. मग शेजारच्या पोरीबरोबर दादांचा डबा लोकलनं पाठवला आणि लताच्या रानात गेले. त्या दिवशी लताची कापणी होती. कुणी बोलावलं नव्हतं. सगळ्या ओळीत उभ्या होत्या. मी साडीचा काचा मारला, कडेची पात धरली आणि वाकले.

कुणीतरी म्हणालं, अगं घरी कोन हाय? मी म्हणाले, आहे. एवढंच. मग बराच वेळ नुसता विळ्यांचा खसखस आवाज. पहिल्या बांधापर्यंत पाठ मोडायला आली. तिथून पुढं मात्र हातांना आपोआप आठवायला लागलं. मूठ धरायची, ओढायची, मागं टाकायची. दव पदराला, तूस मानेला, आणि डोक्यात काहीच नाही. किती महिन्यांनी मी एका वेळी एकच काम करत होते.

दुपारी करंजाच्या सावलीत भाकऱ्या सोडल्या. आत्या सांगायच्या, त्यांच्या तरुणपणी पात सगळ्यांची एकच असायची, भाकरी मात्र आमच्या बौद्ध वस्तीच्या बायकांनी पलीकडच्या बांधावर बसून खायची, पाणी कुणीतरी वरून ओंजळीत ओतायचं. आता असं काही राहिलं नाही. ठेचा एकाच वाटीतून फिरतो. तर वाटी माझ्याकडे आली तेव्हा मी ती खाली ठेवली आणि बोलले.

"आज मी पात धरलीय. उद्यापण येणार, परवापण येणार. म्हणजे माझी सावड तुमच्या सगळ्यांवर होणार. आमचं रान वाट्यानं दिलंय, तिथं कापायला काही नाही. माझी सावड फेडायची असेल तर रानात येऊ नका, घरात या. आत्यांजवळ बसा."

पारूमावशीनं भाकरीचा तुकडा हातातच धरलेला.

"बयो, अंथरूण काढायची सावड?" ती म्हणाली. "असं कुटं असतंय व्हय?"

"नव्हतं," मी म्हणाले. "आता हितं असेल. मावशी, मी मरायला टेकलेय. मला कुणी विचारत नाही म्हणून मीच सांगतेय."

लता एकदम हसली. थट्टेनं नाही, घाबरून हसतात तसं. आणि मग म्हणाली, तिला रविवारी जमायचं नाही, गडावर गर्दी असते, पण मंगळवारचा दिवस तिचा. तिच्यानंतर दुसरी बोलली, मग तिसरी. एक जण मान खाली घालून जेवत राहिली आणि ती पुढंही कधी आली नाही. तिचं मला वाईट वाटलं, पण राग नाही आला. पारूमावशी सगळ्यात शेवटी बोलली. तिनं फक्त विचारलं, रखमाला चालंल का? रखमा म्हणजे आत्या.

चाललं नाही. पहिल्या दिवशी पारूमावशी आली तेव्हा आत्यांनी तोंड भिंतीकडे केलं. डोळ्यांतून धार. गावातल्या बाईनं आपलं धुवावं यापेक्षा मेलेलं बरं, असं त्यांच्या सगळ्या अंगावर लिहिलेलं होतं. मी मधे पडणार, तोच मावशीनं मला हातानं मागं सारलं. पातेल्यातलं गरम पाणी कोपरानं तपासलं आणि कॉटच्या कडेला बसली.

"रखमाक्का, मी नवी नवरी असताना तापानं फणफणले हुते. डोक्यात उवांचं रान झालतं. माझी सासू हात लावंना. तवा रोज दुपारी येऊन उवा कुनी काडल्या? तवा मी तोंड फिरवलं का तुज्याकडनं? आता फिर हिकडं."

आत्या लगेच फिरल्या नाहीत. पण पुसायला हात मागितला तेव्हा चांगला हात त्यांनी स्वतः वर केला. नंतर मावशीनं पेज भरवली, सोबत दुधात कुस्करलेली भाकरी. आत्यांना निम्मीच गेली. उरलेली मावशीनं सहज तोंडात टाकली, वाटी विसळली आणि पालथी घातली. आत्या तिच्या हाताकडे बघत होत्या. आत्यांनी पलीकडच्या बांधावर आणि मावशीनं अलीकडं करंजाखाली बसून भाकरी खाल्ल्याचे दिवस त्यांना आठवत असणार, मला खात्री आहे.

मग मावशी मला म्हणाली, जा आता. मी विचारलं, कुठं? गेले तर देहूरोडलाच जाणार ना मी. म्हणजे रानातून घरात, घरातून गाडीत, गाडीतून दुसऱ्या घरात. एका घराचा भार हलका झाला की दुसरं घर तेवढंच वर चढून बसत होतं. दादांना मी आधीही कितीदा म्हटलं होतं, भाज्याला चला. ते म्हणत, लेकीच्या सासरी पाहुण्यासारखं दोन दिवस जावं, ऱ्हायला जाऊ नये. बाकी सगळं विसरले होते, हे विसरत नव्हते. सुनील समजावून दमला. विहारातल्या त्यांच्या जुन्या मित्रांनी सांगून पाहिलं. दादा ऐकून घेत आणि पुन्हा आपल्या खुर्चीत जाऊन बसत.

त्या दिवशी लोकलमध्ये बसल्या बसल्या मला सुचलं. दादा डेपोत लागण्याआधी मावळातच वाढलेले, लहानपणी कापणीला जायचे. मी खोलीत शिरले, डबा ठेवला आणि म्हणाले, दादा, आमच्याकडे कापणी लागलीय आणि सावडीला माणूस कमी पडतंय.

दादांनी माझ्याकडे नीट पाहिलं. कितीतरी दिवसांनी माझ्या चेहऱ्यावर त्यांची नजर थांबली. उठले, टोपी घातली, डेपोच्या काळातली खाकी पिशवी खुंटीवरून काढली, तिच्यात एक सदरा आणि टॉवेल कोंबला. म्हणाले, मग आधी सांगायचं ना. दाराला कुलूप मी घातलं.

दादांना विळा काही दिला नाही. पारूमावशीच्या खळ्यावर खुर्ची टाकून दिली आणि कोंबड्या हाकायला काठी. बायका लाकडी फळीवर पेंढ्या झोडत, दाणे उडत, आणि दादा काठी आपटून कोंबड्यांना खडसवत. डेपोतल्या साहेबाचा आवाज लागला होता त्यांचा. उन्हं कलली की आत्यांच्या खोलीत येऊन बसत आणि वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत. कधी तोच मजकूर पुन्हा वाचत. आत्यांना काही फरक पडत नव्हता, त्यांना माणसाचा आवाज हवा होता. मी स्वयंपाकघरातून दोघांना एका वेळी बघू शकत होते. कुणाला हे किरकोळ वाटेल. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि रडले. श्रुती पाणी घेऊन आली, शेजारी उभी राहिली. तेव्हा मी तिच्याकडे बघितलं, नीट.

रोज सकाळी दादा विचारायचे, कापणी झाली का? सावड झाली म्हणजे आपण निघायचं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं. संध्याकाळी पिशवी भरून खुर्चीशेजारी ठेवायचे. कापणी संपली तेव्हा मी म्हणाले, झोडणी राहिलीय. झोडणी संपली तेव्हा म्हणाले, पेंढा रचायचा राहिलाय. पुढं उन्हाळ्यात रोपांसाठी रान भाजायचं राहिलंय, मग आवणी, म्हणजे भाताची लावणी राहिलीय. दादांशी मी कधी खोटं बोलले नव्हते आणि आता रोज बोलत होते. प्रत्येक वेळी जीव टांगणीला लागायचा, आज पटलं नाही तर? पिशवी उचलून चालू लागले तर? पुन्हा तो बाक, पुन्हा ती गाडी. काम माझं निम्मं झालं होतं, पण हे एक ओझं मात्र सगळंच्या सगळं माझ्याच मानेवर होतं.

सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. आत्यांच्या पाठीला एकदा जखम झाली, महिनाभर चिघळली. मंगळवारी लता आली नाही की माझी चिडचिड होतेच. सुनीलशी भांडणं झाली, पण तो आता आईचं अंथरूण बदलतो, कुणी सांगावं लागत नाही. मीही सावड फेडते. पावसाळ्यात लताच्या दुकानावर भाकऱ्या थापते, पारूमावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिच्या घरी तिची चूल सांभाळली. तिला उठवून संडासाला नेताना ती लाजली, तर मी तिला उवांची आठवण करून दिली. दमते मी अजूनही. पण आता दमले की दमले म्हणते, कुंपणाशी उभी राहून, मोठ्यानं. गुणाची म्हणवून घ्यायची हौस मला उरलेली नाही. कुणी म्हणालंच तर विचारते, मग तुमचा वार कोणता?

यंदा आम्ही घरामागचं रान परत स्वतः केलं. आज आमची कापणी होती. सकाळी धुक्यातच सगळ्या आल्या, विळे कमरेला खोचून. दादा परसात खुर्चीवर, टोपी घालून, काठी हातात. आत्यांची कॉट आम्ही खिडकीशी ओढली, त्यांना रान दिसावं म्हणून. दिवसभर ओळ पुढं सरकत राहिली आणि ऊन कलायला लागलं तेव्हा परसाला लागून एवढीशी पट्टी उरली. लता सगळ्यात पुढं होती. तिनं मूठ धरली, विळा लावला आणि थांबली. मान वळवून दादांच्या खुर्चीकडे बघितलं. मूठ सोडून दिली आणि सरळ उभी राहिली. तिच्यामागच्या दोघीही थांबल्या.

दादा उठले होते. पिशवी हातात होती. कापलेल्या रानाकडे बघत म्हणाले, "झाली का कापणी?"

काय सांगायचं ते मी शोधायला लागले. पण मी तोंड उघडायच्या आत पारूमावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "झाली कुटं, भाऊ? ही काय, एक पात ऱ्हायलीय."

तिला मी काही सांगितलं नव्हतं. कुणालाच नव्हतं सांगितलं. सगळ्या जणी त्या उभ्या पट्टीशी विळे खाली करून उभ्या होत्या, जणू हे ठरलेलंच होतं.

खिडकीतून आत्यांचा आवाज आला, "कुनाची पात?"

"दादांची," मावशी म्हणाली.

दादांनी त्या पट्टीकडे पाहिलं. मग मान हलवली, म्हणाले की सावड अर्धी टाकून कुणी जातं का, आणि पिशवी खुर्चीखाली सरकवून परत बसले.